एक रुग्ण, तीन अहवाल: औषधांच्या चयापचयाशी निगडित जनुकीय रूपांच्या नावांचे एक प्रकरण

पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका प्रत्यक्ष रुग्णाचे नाही. मुंबईत एकाच माणसाचे वैद्यकीय कागद वेगवेगळ्या रुग्णालयांतून आणि प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षे कसे साठत जातात आणि त्यांतील जनुकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी का जुळत नाहीत, हे दाखवण्यासाठी ते अभ्यासाकरिता रचले आहे. रुग्ण, रुग्णालय आणि प्रयोगशाळा काल्पनिक आहेत. जनुके, औषधे, नामपद्धती आणि शिफारशी यांविषयीची माहिती मात्र खरी आहे.

रुग्ण आणि त्याची फाइल

रुग्ण दादरला राहणारे, बेस्टमधून निवृत्त झालेले ६३ वर्षांचे गृहस्थ. २०१३ साली त्यांची पहिली अँजिओप्लास्टी झाली होती. २०१८ मध्ये एका सकाळी त्यांचा उजवा हात बधिर झाला, बोलणे अडखळले आणि अर्ध्या तासात सारे पूर्ववत झाले. तेव्हाच्या कागदावर त्याची नोंद टीआयए, म्हणजे मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील तात्पुरता अडथळा, अशी आहे. २०२३ च्या पावसाळ्यात छातीत दुखू लागल्याने त्यांना पश्चिम उपनगरातील एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे दुसरा स्टेंट बसवला गेला आणि ॲस्पिरिनच्या जोडीला, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, क्लोपिडोग्रेलची ७५ मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू झाली. ॲसिडिटीसाठी ते कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ओमेप्राझोल आणून घेत असत. ही गोष्ट कोणत्याच केसपेपरवर नव्हती, मुद्दाम विचारल्यावर कळली.

क्लोपिडोग्रेल गिळले जाते तेव्हा ते निष्क्रिय असते. त्यातील सुमारे ८५ टक्के भाग एस्टरेझ नावाची विकरे (एन्झाइम) वाटेतच निकामी करून टाकतात आणि उरलेल्या १५ टक्क्यांचे यकृतात दोन टप्प्यांत सक्रिय द्रव्य बनते. या दोन्ही टप्प्यांत सीवायपी२सी१९ या विकराचा वाटा आहे. हे विकर तयार करणारे जनुक ज्यांच्यात दुबळे असते, त्यांच्या रक्तात सक्रिय द्रव्य कमी पडते, बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटत राहतात आणि नव्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मार्च २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकात याविषयी चौकटीतील ठळक इशारा घातला. आपल्याकडे हा मुद्दा दुर्मीळ मुळीच नाही. दक्षिण आशियाई लोकांत या जनुकाच्या दर तीन प्रतींमागे जवळपास एक प्रत *२ नावाच्या अकार्यक्षम रूपाची असते, म्हणजे ओपीडीबाहेरच्या बाकांवर बसलेल्या माणसांपैकी सुमारे निम्म्यांकडे तिची किमान एक प्रत असणार.

रुग्णाच्या जनुकाची तपासणी एकदा नव्हे, तीनदा झालेली होती आणि तिन्ही अहवाल प्लास्टिकच्या एकाच फाइलमध्ये होते. डिस्चार्जच्या कागदावर निवासी डॉक्टरांनी ते चाळून 'जेनेटिक टेस्ट नॉर्मल' असे लिहिले. रुग्णाची मुलगी बँकेच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात काम करते. सही करण्यापूर्वी तिने विचारले, ''डॉक्टर, एका कागदावर एम-वन आहे, दुसऱ्यावर लाल रंगाची ओळ आहे, तिसऱ्यावर दोन स्टार आहेत. बाबा तर एकच आहेत. मग तिन्ही नॉर्मल कसे?'' प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर वॉर्डात कोणाकडे नव्हते, म्हणून फाइल औषधशास्त्र विभागाकडे पाठवण्यात आली.

तीन कागदांवर काय लिहिले होते

पहिला अहवाल २०१३ चा, परळ भागातील एका प्रयोगशाळेचा, एका पानाचा. त्यावर 'एम१ हेटेरोझायगस, एम२ नॉर्मल' असे लिहून खाली 'हेट-ईएम' असा शेरा होता. हेटेरोझायगस म्हणजे दोनपैकी एकाच प्रतीत बदल असलेला, ईएम म्हणजे एक्स्टेन्सिव्ह मेटाबोलायझर, अर्थात औषधाचे चयापचय नीट करणारा, आणि हेट-ईएम म्हणजे तसाच पण एक प्रत बिघडलेली असलेला, हे त्या काळच्या लेखनाची सवय असलेल्यालाच कळते. घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांत 'ईएम' एवढेच भरते आणि ईएम म्हणजे ठीक, एवढेच लक्षात राहते.

दुसरा अहवाल २०१९ चा. रुग्णाच्या धाकट्या भावाचा अचानक हृदयविकाराने मृत्यू झाल्यावर घरच्यांनी दुसऱ्या शहरातील कंपनीकडून एक्सोम तपासणी, म्हणजे सर्व जनुकांतील प्रथिन सांगणाऱ्या भागांचे वाचन, करून घेतली आणि तिचा भलामोठा पीडीएफ व्हॉट्सॲपवर आला. भावाच्या मृत्यूशी जोडता येईल असे त्यात काही निघाले नाही. मात्र परिशिष्टातील तक्त्यात सीवायपी२सी१९ च्या दोन ओळी होत्या. पहिली ओळ करड्या अक्षरांत: सी.६८१जी>ए, पी.प्रो२२७=, हेटेरोझायगस, सिनॉनिमस, बहुधा निरुपद्रवी. दुसरी लाल अक्षरांत: सी.९९१ए>जी, पी.आयएलई३३१व्हीएएल, होमोझायगस (दोन्ही प्रतींत), मिसेन्स (अमिनो आम्ल बदलणारा), अर्थ अनिश्चित. घरचे चार वर्षे या लाल ओळीला घाबरून होते.

तिसरा अहवाल २०२३ चा, रुग्णालयाने बाहेरच्या प्रयोगशाळेकडून मागवलेला. त्यावर ठळक अक्षरांत '*२/*१७' असे होते आणि खाली लिहिले होते की *१७ मुळे *२ ची उणीव भरून निघते, सबब रुग्ण एक्स्टेन्सिव्ह मेटाबोलायझर आहे.

उलगडा

तिन्ही प्रयोगशाळांनी नमुन्यात जे पाहिले ते बरोबर पाहिले होते. वाचन कोणाचेही चुकलेले नव्हते. घोटाळा होता तो पाहिलेल्या गोष्टीला दिलेल्या नावात आणि त्या नावावरून काढलेल्या अर्थात.

पहिल्या अहवालातील एम१ आणि तिसऱ्यातील *२ हे एकच रूप आहे. १९९४ साली या जनुकातील पहिले दोन दोष सापडले तेव्हा त्यांना एम१ आणि एम२ म्हटले गेले, पुढे त्यांचे *२ आणि *३ झाले. एल्फिन्स्टन रोडचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले तरी जुन्या कागदांवर जुने नाव राहिले, तसेच हे; फरक इतकाच की स्टेशनाचे नाव बदलल्याचे सगळ्या मुंबईला माहीत असते, एम१ चे *२ झाल्याचे निवासी डॉक्टरला माहीत असेलच असे नाही.

दुसऱ्या अहवालातील करडी ओळ हीसुद्धा तीच *२ होती. प्रकरणातील सर्वांत बोधक जागा ही, म्हणून तिथे थोडे थांबले पाहिजे. सी.६८१जी>ए या बदलाने २२७ व्या जागेचे अमिनो आम्ल बदलत नाही. आधीही तेथे प्रोलीन असते, नंतरही प्रोलीनच राहते. प्रथिनाच्या अक्षरांवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर अशा बदलाला 'सिनॉनिमस' म्हणून बाजूला सारते आणि नियमाप्रमाणे वागल्यास त्याला दोष देता येत नाही. परंतु हा बदल पाचव्या एक्झॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या पाचव्या कामाच्या तुकड्यात, आहे आणि तेथे तो स्प्लायसिंगची, म्हणजे जनुकाचा संदेश कापून जोडण्याची, एक चुकीची खूण तयार करतो. त्यामुळे संदेश भलत्याच ठिकाणी कापला जातो, पुढची वाचनचौकट सरकते आणि कामाचे विकर तयारच होत नाही. म्हणजे नावाने निरुपद्रवी, कामाने निरुपयोगी. हे ज्ञान सी.६८१जी>ए या लेखनात नाही. ते *२ या नावामागे साठलेल्या संशोधनात आहे. केवळ जागा आणि अक्षर सांगणारे नाव पुरेसे आहे, ताऱ्यांची काही गरज नाही, असे म्हणणारे अनुवंशशास्त्रज्ञ मला अधूनमधून भेटतात. त्यांच्यासमोर मी हीच ओळ ठेवतो.

लाल ओळीची गोष्ट याच्या उलट. सी.९९१ए>जी हा बदल जगातील बहुसंख्य लोकांत आढळतो. जो संदर्भ जनुकसंच प्रमाण धरून तुलना केली जाते, त्यात या जागी योगायोगाने कमी आढळणारे अक्षर आहे, म्हणून बहुतेक प्रत्येक माणूस या जागी 'बदललेला' दिसतो. फार्मव्हार या नामकरण करणाऱ्या संस्थेने हा पेच सोडवताना सी.९९१ए>जी असलेल्या, अन्यथा निर्दोष प्रतीलाच *१ ठरवले आणि संदर्भक्रमाशी तंतोतंत जुळणाऱ्या प्रतीला *३८ असा नवा क्रमांक दिला. विकराचे काम दोन्हींत सारखेच चालते. एका तक्त्याने जे घर चार वर्षे घाबरवून ठेवले, त्या घरातील माणूस या एका जागेपुरता इतर बहुसंख्य लोकांसारखाच निघाला.

आता *१७. हे रूप २००६ साली वर्णन केले गेले. त्यातील मुख्य बदल, सी.-८०६सी>टी, जनुकाच्या प्रथिन सांगणाऱ्या भागात नसून त्याच्या बराच आधी, प्रवर्तक भागात आहे. त्याने जनुकाचे वाचन अधिक जोमाने होते आणि विकर जास्त बनते. २०१३ च्या चाचणीत ही जागा तपासलीच नव्हती. एक्सोम तपासणीत प्रामुख्याने प्रथिन सांगणारे भाग वाचले जात असल्याने ती सहसा जाळ्यात येत नाही. त्यामुळे तीन अहवालांपैकी फक्त एकात *१७ दिसले आणि उरलेल्या दोन्हींत ते का नाही याचे कारण कुठेही लिहिलेले नव्हते.

येथवर तिन्ही कागद एका माणसाचे ठरले: एका जागी सी.६८१जी>ए ची एक प्रत, दुसऱ्या जागी सी.-८०६सी>टी ची एक प्रत. हे दोन बदल एकाच गुणसूत्रावर आहेत की समोरासमोरच्या दोन गुणसूत्रांवर, हे यांतील कोणत्याही चाचणीने थेट पाहिलेले नव्हते. '*२/*१७' हे लिहिताना प्रयोगशाळेने ते समोरासमोर आहेत असे गृहीत धरले होते. लोकसंख्येच्या अभ्यासांत ते जवळजवळ नेहमी तसेच आढळतात, त्यामुळे गृहीतक सयुक्तिक होते. पत्नी आणि मुलगी यांचे नमुने घेऊन ते ताडून पाहता आले असते, पण तो खर्च करण्यात अर्थ नव्हता. दोन्ही बदल एकाच गुणसूत्रावर निघाले असते, तर ती प्रत अकार्यक्षमच राहिली असती, कारण जोमाने वाचूनही संदेश चुकीच्या ठिकाणीच कापला गेला असता. दुसरी प्रत साधी *१ ठरली असती आणि उपचाराचा निर्णय बदलला नसता.

उरला तिसऱ्या अहवालाचा शेरा. वाढीव प्रत आणि अकार्यक्षम प्रत यांची वजाबाकी होऊन शिल्लक 'नॉर्मल' उरते, हा हिशोब ऐकायला सरळ वाटतो आणि एके काळी तसे लिहिलेही जात असे. उपलब्ध पुराव्यानुसार *१७ ने *२ ची भरपाई पूर्णपणे होत नाही. सीपीआयसी या शिफारसी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या वर्गवारीत *२/*१७ ची व्यक्ती *१/*२ प्रमाणेच इंटरमिजिएट, म्हणजे मध्यम चयापचयाची, धरली जाते. शिवाय २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एकमत-प्रक्रियेत याच गटाने 'एक्स्टेन्सिव्ह' हा शब्द सोडून त्याऐवजी 'नॉर्मल' स्वीकारला होता आणि 'रॅपिड' व 'अल्ट्रारॅपिड' या पायऱ्या वेगळ्या केल्या होत्या. सहा वर्षांनंतर छापलेल्या अहवालात जुना शब्द आणि जुना हिशोब दोन्ही तसेच राहिलेले होते. बहुधा किटसोबत आलेला मजकूर कोणीतरी एकदा साच्यात चिकटवला होता आणि नंतर त्याकडे कोणी पाहिले नव्हते.

उपचाराचा निर्णय मग फार वेळ अडला नाही. तीव्र हृदयविकारानंतर स्टेंट बसवलेल्या मध्यम चयापचयाच्या रुग्णात शक्य असल्यास नेहमीच्या मात्रेतील क्लोपिडोग्रेल टाळावे आणि निषेध नसल्यास प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलोर द्यावे, अशी सीपीआयसीची २०२२ ची शिफारस आहे. २०१८ च्या टीआयएमुळे प्रासुग्रेल बाद झाले, कारण पूर्वी पक्षाघात किंवा टीआयए झालेल्यांत ते निषिद्ध आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी टिकाग्रेलोर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले. त्याला सक्रिय होण्यासाठी सीवायपी२सी१९ लागत नाही. सुरुवातीला धाप लागल्यासारखे वाटू शकते आणि संध्याकाळची गोळी चुकवून चालणार नाही, हे रुग्णाला आणि मुलीला दोघांनाही बजावण्यात आले. ओमेप्राझोल याच विकराला अडवते, म्हणून क्लोपिडोग्रेल चालू असतानाच्या दिवसांत तर ते दुहेरी घातक होते. त्याऐवजी पॅन्टोप्राझोल लिहून दिले.

नावे आली कुठून

हा गोंधळ कोणाच्या निष्काळजीपणातून उभा राहिला असे म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. औषधांशी निगडित जनुकांची नावे एका हाताने लिहिली गेलेली नाहीत. तारांकित नावांची शिस्त १९९६ च्या सुमारास सीवायपी२डी६ साठी सुचवली गेली. १९९९ पासून सीवायपी कुळातील रूपांची यादी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधून सांभाळली जाऊ लागली. युजीटी जनुकांची यादी कॅनडातील लावाल विद्यापीठाकडे, एनएटी जनुकांची ग्रीसमधील थ्रेसच्या विद्यापीठाकडे, टीपीएमटीची स्वीडनमधीलच लिनशॉपिंगकडे. प्रत्येक घराची रीत वेगळी. क्षयरोगाच्या आयसोनियाझिडशी निगडित एनएटी२ मध्ये जुन्या यादीप्रमाणे प्रमाण रूप *१ नसून *४ होते. कोणी सीवायपीच्या सवयीने *४ कडे पाहिले तर त्याला ते बिघडलेले वाटावे. सीवायपीची यादी २०१७ मध्ये फार्मव्हारकडे आली आणि त्यानंतर इतर जनुकेही हळूहळू त्या छताखाली येऊ लागली.

फार्मव्हारने केलेल्या कामातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे मूळ रूप आणि त्याची उपरूपे यांची फारकत. उदाहरणार्थ सीवायपी२सी१९ मध्ये पूर्वी *४ए, *४बी अशी अक्षरे लावली जात. आता *४ हे मूळ रूप आणि *४.००१, *४.००२ ही त्याची उपरूपे. हे वरवर किरकोळ दिसते. पण *४.००२ मध्ये, म्हणजे जुन्या *४बी मध्ये, विकराची सुरुवातच बिघडवणाऱ्या बदलाबरोबर सी.-८०६सी>टी सुद्धा त्याच गुणसूत्रावर असते. एखाद्या किटने *१७ ची जागा तपासली आणि *४ ची तपासली नाही, तर असा रुग्ण अकार्यक्षम प्रत बाळगूनही अहवालात 'वाढीव' म्हणून छापला जाईल. असे रूप विरळ आहे, हे खरे. तरीही कोणत्या जागा पाहिल्या हे न लिहिलेला अहवाल किती खोल खड्डा झाकू शकतो, हे यावरून दिसते.

ताऱ्यांशिवाय चालवणारी जनुकेही आहेत. कर्करोगाच्या फ्लुओरोयुरॅसिल आणि कॅपेसिटाबिन या औषधांसाठी महत्त्वाच्या डीपीवायडी जनुकात एक रूप *२ए म्हणून, आयव्हीएस१४+१जी>ए म्हणून आणि सी.१९०५+१जी>ए म्हणूनही छापलेले सापडते, तर तितक्याच महत्त्वाच्या सी.२८४६ए>टी ला रूढ तारा नाहीच. व्हीकेओआरसी१ मध्ये आणखी एक गंमत आहे: जनुक उलट्या धाग्यावर असल्याने ज्याला औषधशास्त्र -१६३९जी>ए म्हणते, त्याला जनुकसंचाच्या फाइलमध्ये सी>टी म्हणतात. वॉरफॅरिन किंवा आपल्याकडे अधिक चालणारे ॲसिनोकौमॅरॉल घेणाऱ्या रुग्णाचे दोन अहवाल त्यामुळे एकमेकांच्या विरुद्ध भासू शकतात.

आणि जागांचे आकडे? *२ ची जागा दहाव्या गुणसूत्रावर संदर्भ जनुकसंचाच्या जीआरसीएच३७ या आवृत्तीत ९६५४१६१६ आणि जीआरसीएच३८ मध्ये ९४७८१८५९ आहे. म्हणजे तोच बिंदू, नकाशाची आवृत्ती बदलताच सुमारे १७ लाख ६० हजार अक्षरांनी सरकलेला. रुग्णाच्या २०१९ च्या तक्त्यात आकडा होता, आवृत्ती लिहिलेली नव्हती. आवृत्तीचा अंदाज बांधून तो आरएस४२४४२८५ या, आवृत्तीगणिक न बदलणाऱ्या क्रमांकाने ताडून पाहावा लागला.

*१ म्हणजे काय

प्रकरणाची चर्चा विभागात झाली तेव्हा सर्वाधिक वाद या मुद्द्यावर झाला. *२ किंवा *१७ हे काहीतरी सापडल्याचे विधान असते. *१ हे बहुतेक वेळा काही न सापडल्याचे विधान असते आणि न सापडणे हे कुठे शोधले यावर अवलंबून असते. याच रुग्णाला केवळ *२ आणि *३ तपासणाऱ्या प्रयोगशाळेने *१/*२ लिहिले असते. *१७ ची भर घातलेल्या प्रयोगशाळेने *२/*१७ लिहिले. रक्त तेच, जनुक तेच. म्हणून तारांकित नाव हे रुग्णाच्या शरीराचे वर्णन आहे असे मानणे मला अपुरे वाटते. रुग्णाचे शरीर, तपासलेल्या जागा आणि त्या दिवशी वापरलेला तक्ता या तिघांचे मिळून ते वर्णन असते. यांतील पहिले जन्मभर बदलत नाही, दुसरे प्रयोगशाळेगणिक बदलते आणि तिसरे दर काही महिन्यांनी.

अमेरिकेच्या असोसिएशन फॉर मॉलिक्युलर पॅथॉलॉजीने २०१८ मध्ये सीवायपी२सी१९ साठी किमान तपासावयाच्या रूपांची यादी दिली. पहिल्या श्रेणीत *२, *३ आणि *१७ आहेत. ही किमान यादी पाळली तर या शहरातील निम्मे मतभेद आपोआप मिटतील असे माझे मत आहे. प्रयोगशाळेला स्वतःचे वाचन पडताळून पाहायचे असेल, तर जीईटी-आरएम या उपक्रमाने २०१६ मध्ये १३७ नमुन्यांवर २८ जनुकांचे एकमताने ठरवलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत आणि ते डीएनए नमुने मागवता येतात. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असणे आणि नावाचा तक्ता ताजा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र मान्यतेची चौकट भिंतीवर लावताना विसरले जाते.

रुग्णालयाने काय बदलले

बाहेरून येणाऱ्या अहवालांसाठी रुग्णालयाने एक पान ठरवले. त्यात वर, हृदयरोगतज्ज्ञाने दहा सेकंदांत वाचावे असे, तारांकित नाव आणि २०१७ च्या शब्दांतील चयापचयाचा प्रकार. खाली, प्रत्येक सापडलेल्या बदलाचे एचजीव्हीएस पद्धतीचे, म्हणजे जागा आणि अक्षर सांगणारे, पूर्ण नाव, संदर्भ प्रतिलेखाच्या आवृत्तीसह, म्हणजे नुसते सी.६८१जी>ए न लिहिता एनएम_०००७६९.४ यासह, आरएस क्रमांक, जनुकसंचाची आवृत्ती. त्याखाली तपासलेल्या सर्व जागा, न सापडलेल्यांसह. आणि शेवटी फार्मव्हारच्या तक्त्याची वापरलेली आवृत्ती व दिनांक.

हृदयरोग विभागाची पहिली प्रतिक्रिया होती की इतके कोण वाचणार. रास्त आहे, वरच्या दोन ओळींपलीकडे त्यांनी वाचावे अशी अपेक्षाही नाही. खालचा भाग पाच वर्षांनी फाइल उघडणाऱ्यासाठी आहे. एका प्रयोगशाळेने तपासलेल्या जागांची यादी ही किट-उत्पादकाची गोपनीय माहिती असल्याचे कळवले. त्यांच्याकडे नमुने पाठवणे बंद झाले. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने आनंदाने होकार दिला आणि पहिल्याच अहवालात आवृत्तीच्या रकान्यात 'लेटेस्ट' असे लिहून पाठवले. तो परत करावा लागला.

रुग्णाचे एकत्रित पान तयार करून ते त्यांच्या आभा या डिजिटल आरोग्य खात्याला जोडण्यात आले. ते तेथे पीडीएफ म्हणूनच गेले आहे, म्हणजे माणसाला वाचता येते, यंत्राला नाही. पुढे कोणी क्लोपिडोग्रेल लिहिले तर पडद्यावर इशारा उमटणार नाही. त्यासाठी निष्कर्ष प्रमाण संकेतांत नोंदवावा लागतो आणि रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये जनुकीय निष्कर्षासाठी अजून 'इतर शेरा' हा एकच रकाना आहे. तूर्त औषध-ॲलर्जीच्या रकान्यात 'क्लोपिडोग्रेल: सीवायपी२सी१९ *२/*१७, पान पाहा' असे लिहून काम भागवले आहे. ही ॲलर्जी नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तोच एक रकाना असा आहे की जो औषध लिहिण्यापूर्वी समोर येतो.

जुन्या अहवालांचा प्रश्न मोठा आहे आणि तो सुटलेला नाही. २०१९ मध्ये झालेल्या एकमतानुसार सीवायपी२डी६ च्या *१० या रूपाचा क्रियाशीलता गुण ०.५ वरून ०.२५ वर आणला गेला आणि सामान्य व मध्यम यांच्यातील सीमारेषाही सरकली. त्यामुळे *१/*१० असलेली व्यक्ती अजूनही सामान्य गटाच्या काठावर राहते, *१०/*१० असलेली व्यक्ती मात्र कागदावरील एकही अक्षर न बदलता मध्यम गटात येते. अशा जुन्या रुग्णांना कळवायचे कोणी? प्रयोगशाळेचे म्हणणे असे की अहवाल त्या दिवसापुरता खरा होता. डॉक्टरांचे म्हणणे असे की तक्ता बदलल्याचे आम्हाला कोणी सांगितले नाही. सध्या ठरले आहे ते इतके की रुग्ण कोणत्याही कारणाने पुन्हा दाखल झाला, तर दोन वर्षांहून जुना जनुकीय निष्कर्ष औषधशास्त्र विभागाकडून नव्या तक्त्यावर ताडून घ्यायचा, आणि ज्या अहवालात तपासलेल्या जागा लिहिलेल्या नाहीत तो नव्याने वाचता येत नाही असे समजून चाचणी पुन्हा करायची. त्या दुसऱ्या चाचणीचा खर्च विमा कंपनी देईल का, यावर टीपीएशी, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेशी, पत्रव्यवहार चालू आहे.